गच्चीवरचा अँटेना, शेजारच्या मावशी आणि बिनलायसनचा वॉकीटॉकी

या वेळचं पत्र औसा तालुक्यातल्या एका पोराचं आहे, थोडं कापून देतेय.

"ताई नमस्कार. वय 26, शेती करतो. आमचं रान गावापासून अडीच-तीन किलोमीटर, तिकडं मोबाईलला रेंज नसल्यातच जमा. रात्रपाळीची लाईट आली की वडील एकटेच मोटार चालू करायला जातेत, फोन लागत नाही, आई जागीच राहती. म्हणून मी ऑनलाईन वॉकीटॉकीची जोडी मागवली, पाच वॅटची, मस्त चालायलीय. आता गच्चीवर पाईप उभा करून अँटेना लावायलोय आन घरात एक मोठा सेट ठेवायचा विचार हाय. तर शेजारच्या मावशींनी भांडण काढलं. त्यांची सून पाच महिन्यांची गरोदर हाय, म्हणतेत रेडिएशननं लेकराला काही झालं तर जिम्मेदार कोण. तिकडं दाजी म्हणायलेत याला लायसन लागतं, पोलीस उचलून नेतेल. दोघांत खरं कोण? आन मावशींना समजवू कसं, पंधरा वर्षांचा शेजार हाय."

भाऊ, दाजी खरे आहेत, ते आधी घेऊ. मावशींचं नंतर, कारण त्यांचं प्रकरण तुला वाटतं त्यापेक्षा जास्त इंटरेस्टिंग आहे.

आपल्या देशात कुठलाही ट्रान्समीटर, म्हणजे हवेत लहरी सोडणारं कुठलंही यंत्र, सरकारच्या परवानगीशिवाय जवळ ठेवता येत नाही, वापरणं तर लांबच. हा नियम काल-परवाचा नाही, 1933 च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून चालत आलाय, आणि त्यात तर नुसता ऐकायचा रेडिओसुद्धा यायचा. तुझ्या आजोबांना विचार, घरातल्या रेडिओचं लायसन दरवर्षी पोस्टात जाऊन रिन्यू करावं लागायचं, त्याचं छोटं पुस्तक असायचं. ऐकायचं लायसन गेलं, बोलायचं राहिलं. हे काम दिल्लीत दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी म्हणून शाखा आहे ती बघते, कुणाला कुठली फ्रिक्वेन्सी आणि किती वॅट ते तीच ठरवते.

मग तू म्हणशील वायफायला कुठं लायसन घेतो आपण, ब्लूटूथला कुठं घेतो. बरोबर आहे, काही पट्टे सरकारनं मोकळे सोडलेत, तिथं कमी पॉवरची आणि मान्यता मिळालेली यंत्रं लायसनशिवाय चालतात. वॉकीटॉकीसाठी असा मोकळा पट्टा आहे 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ, आणि दुसरा जुना सिटिझन बँड, 27 मेगाहर्ट्झच्या आसपास, तिथं 5 वॅटपर्यंत चालतं. आता इथंच लोक फसतात. तू घेतलेला सेट, वर्णनावरून तरी, तो स्वस्तातला दोन बँडचा चायना सेट दिसतोय, ज्यात बटणं दाबून कुठलीही फ्रिक्वेन्सी टाकता येते. तो 446 वर लावला म्हणून कायदेशीर होत नाही, कारण सूट नुसत्या फ्रिक्वेन्सीला नाही, सेटची पॉवरही कमी लागते आणि सेटला डब्ल्यूपीसीचं ईटीए म्हणजे मान्यतेचं सर्टिफिकेटही लागतं. बॉक्सवर किंवा वेबसाईटवर ते कुठं दिसलं का तुला? नसणारच. ऑनलाईन असे सेट सर्रास विकले जात होते, म्हणून तर 2025 मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाईन कंपन्यांसाठी खास नियमावली काढली की फ्रिक्वेन्सी, लायसन लागतं का नाही, ईटीए, हे सगळं दाखवल्याशिवाय वॉकीटॉकी विकायचा नाही. विकणाऱ्याची चूक आहेच, पण पोलिसांनी विचारलं तर सेट तुझ्या हातात असणार ना.

आणि हे नुसतं कागदी नाटक समजू नको. रेल्वेचे ड्रायव्हर, गार्ड, स्टेशन मास्तर तुझ्यासारखेच व्हीएचएफ सेट वापरतात, औसा रोड स्टेशन तुमच्यापासून काही फार लांब नाही. तू नकळत त्यांच्या चॅनेलवर बटण दाबून "पप्पा मोटार चालू झाली का" म्हणत बसलास तर तेवढा वेळ त्यांचं बोलणं अडकतं. पोलीस, अँब्युलन्स, सगळ्यांचं तसंच. हे शोधायला सरकारची वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन आहे, दिशा काढत काढत थेट घरापर्यंत येतात. (तिचं एक मोठं केंद्र आपल्या मराठवाड्यातच आहे बरं का, जालन्याला. ते मात्र उपग्रहांच्या लहरींवर लक्ष ठेवतं, तुझ्या वॉकीटॉकीशी त्याला घेणंदेणं नाही. तरी जालन्याच्या लोकांनाही हे फारसं माहीत नसतं म्हणून सांगितलं.)

म्हणून पहिली गोष्ट, आजपासून त्या सेटचं बोलायचं बटण दाबायचं नाही. बिल असेल तर विक्रेत्याला सरळ लिही की ईटीए सर्टिफिकेट दाखवा नाहीतर पैसे परत द्या, आणि परतीची मुदत संपली असली तरी ग्राहक हेल्पलाईन 1915 वर तक्रार टाक.

आता मोठ्या सेटचं आणि गच्चीवरच्या अँटेनाचं. तुला कुणीतरी हॅम रेडिओबद्दल, म्हणजे परीक्षा देऊन, लायसन घेऊन छंद म्हणून चालवायच्या रेडिओबद्दल सांगितलेलं दिसतंय, कारण पत्रात पुढं "ती परीक्षा दिली की झालं ना" असं विचारलंयस. परीक्षा जरूर दे, मी तर म्हणते गावातल्या अजून दोन-चार पोरांनाही घेऊन दे. 12 वर्षांवरच्या कुणालाही देता येते, थोडी रेडिओची थिअरी आणि थोडे नियम, रिस्ट्रिक्टेड ग्रेड म्हणजे खालच्या लायसनला मोर्सची कट्ट-कडकट्ट भाषासुद्धा लागत नाही, पास झालास की नंतर व्हीयू3 नं सुरू होणारा स्वतःचा कॉलसाईन, म्हणजे हवेत ओळख सांगायचं नाव मिळतं. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर. लायसन हातात यायला धीर धरावा लागतो एवढंच. आपल्या भागाला तर हॅमचं महत्त्व वेगळं सांगायला नको, 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा बाहेरून आलेल्या हॅमवाल्यांनी सेट मांडून निरोप पोचवले होते. औसा तालुक्यातल्या माणसाला किल्लारी किती जवळ आहे ते मी काय सांगू. असे चार लायसनवाले गावातच असले तर पुढच्या वेळी बाहेरून कुणी यायची वाट बघायला नको.

पण तुझं मूळ काम हॅमनं होणार नाही, हे कुणीच सांगत नाही म्हणून मी सांगते. हॅमवर बोलणाऱ्या प्रत्येकाला लायसन लागतं. तू पास झालास म्हणून वडिलांना बोलता येणार नाही, त्यांनीही परीक्षा द्यायला पाहिजे. शिवाय हॅम हा छंद, प्रयोग आणि आपत्तीसाठी आहे, त्यावर धंद्याचं काम चालत नाही आणि रोजच्या शेतीच्या कामाला कुणी धंदा म्हटलं तर तुझ्याकडं उत्तर नाही. म्हणून वडिलांसाठी मोकळ्या पट्ट्यातला, ईटीए असलेला सेटच घे. पॉवर कमी असते हे खरं, पण या लहरी सरळ रेषेत जातात, वॅट वाढवण्यापेक्षा उंचीवर उभं राहून बोलण्यानं रेंज जास्त वाढते. आई गच्चीवर आणि वडील विहिरीच्या कठड्यापाशी, मधी टेकाड किंवा दाट झाडी नसली तर दोन-तीन किलोमीटरवर आवाज जायची आशा आहे, पण घ्यायच्या आधी कुणाचा तरी मागून आणून तुझ्या रानात ट्राय कर. जाहिरातीतल्या किलोमीटरवर तर अजिबात भरवसा ठेवू नको.

आता मावशी.

हसू नको त्यांच्यावर. घरात गरोदर सून आहे, शेजारी पोरगा लोखंडी पाईप उभा करतोय, काय करतोय ते कुणाला सांगत नाही, आणि व्हॉट्सॲपवर टॉवरमुळं चिमण्या मेल्याचे मेसेज फिरतायत, मग बाई काळजी करणार नाही तर काय. आणि माणसाच्या अंगावर किती लहरी पडू द्यायच्या याला मर्यादा ठेवायला पाहिजे हे तर जगानं मान्य केलंय, म्हणजे मावशींचा प्रश्न चुकीचा नाहीच. उत्तर मात्र आकड्यात द्यायला लागतं.

रेडिओच्या लहरींचा शरीरावर जो पक्का सिद्ध झालेला परिणाम आहे तो म्हणजे गरम होणं. एक्स-रे सारखं पेशीतलं काही तोडायची ताकद त्यांच्यात नाही. आयसीएनआयआरपी नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, जर्मनीतून चालते, तिनं काय केलं, की दर किलो वजनामागं 4 वॅट एवढी ऊर्जा पूर्ण शरीरात मुरली तर शरीराचं तापमान साधारण 1 अंशानं वाढतं हे धरलं आणि सामान्य लोकांसाठी त्याच्या 50 पट खाली, 0.08 वॅटवर रेघ ओढली. त्यात लहान मुलं, आजारी, म्हातारे सगळे आले. आणि मावशींना हे नक्की सांग, 2020 च्या त्यांच्या नियमावलीत पोटातल्या बाळाचा वेगळा विचार केलेला आहे, आई रेडिओच्या कामावर नोकरीला असली तरी बाळाला कडक, सामान्य लोकांचीच मर्यादा लावायची असं लिहिलंय.

आता तुझा अँटेना. समजा उद्या लायसन मिळालं आणि तू 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या हॅम बँडवर 10 वॅटचा सेट लावला, अँटेना असा की मुख्य दिशेला चौपट जोर देतो, म्हणजे त्या दिशेला 40 वॅट असल्यासारखं धरायचं. मावशींची खिडकी 10 मीटरवर. 10 मीटर त्रिज्येच्या गोळ्याचं पृष्ठफळ होतं साधारण 1257 चौरस मीटर, 40 ला त्यानं भाग, आले 0.03 वॅट दर चौरस मीटरला. स्लॅबवरनं, पत्र्यावरनं लहरी परततात म्हणून अडीचपट धर, तरी 0.08. वरच्या दर किलोच्या रेघेवरनंच काढलेली या फ्रिक्वेन्सीची सामान्य लोकांची मर्यादा आहे दर चौरस मीटरला 2 वॅट. म्हणजे सगळं वाईटात वाईट धरून, तू सतत बोलतच राहिलास असं धरून, 25 पट कमी. खरं तर तू बोलशील मिनिटभर आणि ऐकशील पाच मिनिटं, आणि ऐकताना सेट काहीच सोडत नाही. मर्यादा तर 30 मिनिटांच्या सरासरीवर मोजतात.

चुलीपासून दोन हात मागं सरकलं की धग कशी एकदम उतरते, तसंच आहे हे, अंतर दुप्पट झालं की लहरींचा जोर पाव होतो. त्याचा उलटा अर्थही लक्षात घे. हाच हिशोब 2 मीटरवर कर, अडीचपट धरून बरोबर 2 वॅट येतो, म्हणजे रेघेवर. मराठवाड्यात उन्हाळ्यात निम्मं गाव गच्चीवर झोपतं, दिवसा तिथंच कुरडया वाळतात. त्यामुळं अँटेना गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्याच्या निदान दोन-तीन मीटर वर पाहिजे, कठड्याला बांधलेला नको. लेकरांचा हात पोचेल असा तर अजिबात नको, बोलायचं बटण दाबलेलं असताना अँटेनाच्या उघड्या टोकाला हात लागला तर चटका बसतो.

आणि आता गंमत बघ. मावशींची सून 10 मीटरवर आहे, तू मात्र तो 5 वॅटचा हातातला सेट तोंडाला लावून बोलत होतास. साधा 4जी फोन जास्तीत जास्त 0.2 वॅटच्या आसपास सोडतो, म्हणजे तुझ्या डोक्यापाशी बोलताना त्याच्या 25 पट. फोनसाठी आपल्याकडं 1.6 वॅट दर किलो अशी मर्यादा आहे, एक ग्रॅम पेशींवर मोजून, *#07# डायल केलं की तुझ्या फोनचा आकडा दिसतो. तुझ्या त्या सेटचा आकडा कुणी मोजलाय? या सगळ्या भांडणात सगळ्यात जास्त रेडिएशन कुणी घेतलं असेल तर ते तू आणि तुझे वडील. पुढं मान्यतेचा सेट आला तरी तोंडापासून चार बोटं लांब, अँटेना डोळ्यांपासून बाजूला, आणि बोलणं थोडक्यात, ही सवय वडिलांनाही लाव.

मावशी कॅन्सरचं काढतील, तयार राहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं 2011 मध्ये या लहरी 2बी गटात टाकल्या हे खरं आहे, खोटं सांगू नको. त्या गटाचा अर्थ पुरावा अपुरा आहे, शक्यता पूर्ण नाकारता येत नाही, एवढाच. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कसुद्धा त्याच गटात आहे आणि तो लोक तब्येतीसाठी पितात. मला स्वतःला अशा गोष्टीत विनाकारण जवळ जाऊ नये हे पटतं, पण 10 मीटरवरच्या खिडकीसाठी पाईप पाडावा हे पटत नाही.

गावातल्या मोबाईल टॉवरचाही विषय निघेलच, निघू दे. टॉवरच्या बाबतीत आपल्या सरकारनं 1 सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या भागावर मर्यादा आणली, 900 मेगाहर्ट्झला तिकडं 4.5 वॅट दर चौरस मीटर तर आपल्याकडं तेव्हा 0.45 ठरली. आणि मोडली तर कंपनीला एका बीटीएसमागं, म्हणजे टॉवरवरच्या एका मोबाईल स्टेशनमागं, 10 लाखांपर्यंत दंड ठेवला. तरंग संचार नावाचं सरकारी पोर्टल 2017 पासून आहे, तिथं टॉवरची माहिती दिसते, आणि 4,000 रुपये भरले की दूरसंचार विभागाची माणसं येऊन तुमच्या दारात मोजून देतात. मावशींना खरंच धास्ती असेल तर गल्लीनं वर्गणी काढून एकदा मोजून घ्या. गुगलवर वाचत बसण्यापेक्षा हातात सरकारी रिपोर्ट बरा, त्यात मोजलेला आकडा आणि मर्यादा शेजारीशेजारी असते. हॅमच्या अँटेनासाठी ही सोय नाही, तिथं वरचा हिशोब तूच कागदावर करून दाखवायचा.

एका गोष्टीवरनं मात्र मावशींनी तुझ्याशी भांडायला पाहिजे होतं आणि त्या भांडल्या नाहीत, ती म्हणजे तो पाईप. अवकाळीत, मृगाच्या आधी आपल्याकडं विजा कशा पडतात तुला माहीत आहे, दरवर्षी माणसं आणि जनावरं जातात. गच्चीवर सगळ्यात उंच लोखंडी पाईप आणि त्यातनं केबल थेट घरात सेटपर्यंत, हे तू विजेला आमंत्रण दिल्यासारखं करतोयस. पाईपाला वेगळं, चांगलं अर्थिंग पाहिजे, जाड पट्टीनं जमिनीपर्यंत, आणि आभाळ भरून आलं की केबल सेटमधनं काढून घराबाहेर. दुसरं, महावितरणची लाईन गच्चीजवळनं जाते का बघ. पाईप ज्या बाजूला कोसळेल त्या अंतरात तार यायला नको, पाईपाच्या उंचीच्या दीडपट तरी मोकळं ठेव. अँटेना चढवताना पाईप तारेवर गेला तर सेट, लायसन, रेडिएशन कशाचाच प्रश्न उरत नाही. आणि वादळात तो मावशींच्या पत्र्यावर पडणार नाही असे ताण तिन्ही बाजूंनी दे. एकट्यानं उभा करू नको, वायरमनला बोलाव.

मावशींना समजवायला जाताना फोनवर व्हिडिओ दाखवत बसू नको, आईला सोबत ने, आणि आधी सांग की सेट बंद केलाय, लायसन येईपर्यंत अँटेना लावणार नाही. हे ऐकूनच निम्मा राग जाईल, कारण आत्ता त्यांना वाटतंय तू त्यांचं ऐकतच नाहीस. मग सुनेची डिलिव्हरी होईपर्यंत थांबायला काय हरकत आहे सांग? तसंही परीक्षा, अर्ज, कॉलसाईन यात तेवढे महिने जातीलच, त्यात तुझं काही नुकसान नाही आणि मावशींना वाटेल पोरानं आपला मान ठेवला. आकडे त्यांनी विचारले तरच दाखव. सुनेला काही त्रास होत असला, डोकं दुखतं, झोप नाही, तर ते अँटेनावर ढकलून घरी बसू नका, डॉक्टरांना दाखवा, पाचव्या महिन्यात बीपी वाढलेलं असू शकतं आणि ते कुठं मोजून घ्यायचं हे सांगायला आशाताई गावातच आहेत.

राहिली वडिलांची रात्र. सेट येईपर्यंत रोज जातानाच ठरवून द्या की अमुक वाजेपर्यंत परत आले नाहीत तर तू बॅटरी घेऊन निघायचं, आणि शक्य असेल तर निदान आठवड्यातल्या निम्म्या रात्री तूच जा ना मोटारीवर, वय तुझं 26 आहे. स्टार्टरला ऑटो बसवलं तर लाईट आल्यावर मोटार आपोआप चालू होते हे तुला माहीत असणारच, पण त्यानं सगळ्यांच्या मोटारी एकदमच उठतात आणि डीपी जळतो म्हणून गावात त्यावरनं वेगळी भांडणं आहेत. मोबाईल स्टार्टर घ्यायचा विचार केलास तर आधी कुठल्या कंपनीचं सिम त्या विहिरीपाशी एक दांडी तरी पकडतं ते बघून घे, त्याला बोलण्याएवढी रेंज लागत नाही, पण मिस्ड कॉल पोचण्याएवढी तरी लागतेच.